खरेदीखत राहून गेले

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका जुन्या अडत पेढीवर गेल्या पन्नास वर्षांत हळदीचे आणि गुळाचे असंख्य सौदे झाले, आणि त्यांपैकी बहुतेक तोंडी झाले. पेढीचे मालक अण्णा आता पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांच्या तरुणपणी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत होती. बोटे सुटली की सौदा पक्का. त्यानंतर बाजार चढो वा उतरो, माघार नाही. ‘जबान गेली की पेढी गेली’ हे वाक्य अण्णांनी मुलांना इतक्या वेळा ऐकवले होते, की नातवंडेही ते त्यांच्या सुरात म्हणून दाखवीत.

चल मालाच्या व्यापारात या रीतीला कायद्याचाही विरोध नाही. १९३० चा माल विक्री अधिनियम तोंडी सौद्याला मान्यता देतो. अण्णांची चूक एवढीच झाली, की हळदीच्या पोत्याला लागू पडणारा न्याय जमिनीलाही लागू पडतो असे त्यांनी आयुष्यभर धरून ठेवले. ती चूक उघडकीस आली २०२३ च्या दिवाळीत, वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी.

पुण्याला नोकरी करणारा नातू घरी आला होता. त्याने पुण्यात सदनिका पाहिली होती आणि तिचे कागद सोबत आणले होते. बैठकीत सगळे जमले. नातू म्हणाला, “दहाशे पन्नास फूट आहे, अण्णा. सत्तर लाखांत.” अण्णांनी चष्मा पुसून करारनाम्याचा मसुदा हाती घेतला. त्यात ‘दहाशे पन्नास’ हा आकडा कुठेच नव्हता. तिथे लिहिले होते : चटई क्षेत्र ६६.९० चौरस मीटर. चौरस मीटरचे फूट करताना १०.७६४ ने गुणावे लागते. थोरल्या मुलाने गुणाकार केला. उत्तर आले ७२० चौरस फूट.

उरलेले ३३० फूट कुठे गेले, असे अण्णांनी विचारले. नातवाने समजावून सांगितले. चटई क्षेत्र म्हणजे सदनिकेच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. आतल्या दोन खोल्यांमधील भिंत त्यात धरतात; बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. बाहेरच्या भिंतींची जाडी मिळवली की बांधीव क्षेत्र होते. त्यावर जिना, उद्वाहन, प्रवेशदालन यांचा वाटा चढवला की त्याला विक्रेते ‘सुपर बिल्ट-अप’ किंवा ‘सेलेबल’ म्हणतात. हा वाटा किती चढवावा याला माप नाही. म्हणूनच २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणून ओळखतात, चटई क्षेत्राची व्याख्या कायद्यातच बांधून टाकली आणि करारात तेच क्षेत्र लिहिणे आवश्यक केले. तोंडी मात्र जुना आकडा अजून चालतो.

“म्हणजे बारदानासकट वजन,” अण्णा म्हणाले.

सारे हसले, पण अण्णा हसले नाहीत. सत्तर लाखांना १,०५० ने भागले तर फुटाला ६,६६७ रुपये दर येतो. ७२० ने भागले तर ९,७२२. माल तोच, पैसा तोच, फक्त काट्यावर काय ठेवले ते वेगळे. कमी-जास्त मापे वापरणे हा अचौर्यव्रताचा अतिचार आहे, हे ज्या घरात लहानपणापासून शिकवले जाते, त्या घरात हा हिशेब कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

मग खर्चाचा आकडा मांडला गेला. सत्तर लाखांच्या घराला बँक सत्तर लाख देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. या हिशेबाने कर्ज जास्तीत जास्त ५६ लाख. उरलेले १४ लाख स्वतःचे. बँकेच्या भाषेत याला मार्जिन म्हणतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. पुणे शहरात शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. इमारत बांधकामाधीन असल्याने वस्तू व सेवा कर ५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. सगळी बेरीज २२ लाख ७० हजार.

हप्त्याचा हिशेब अण्णांनी स्वतः विचारला. ५६ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षे. हप्ता सुमारे ४८ हजार ६०० रुपये. पहिल्या हप्त्यातील ३९ हजार ६६७ रुपये व्याजाचे आणि नऊ हजारांहून थोडी कमी रक्कम मुद्दलाची. घटत्या बाकीवर व्याज असल्याने पुढे मुद्दलाचा वाटा वाढत जातो. तरीही दर बदलला नाही असे धरले तर २० वर्षांत व्याजच साठ लाखांवर जाते. आणि दर बदलत नाही असे धरण्यातही अर्थ नाही, कारण १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य दराशी बांधलेली असतात. रेपो चढला की हप्ता वाढतो किंवा मुदत लांबते.

घरातील शिल्लक बारा लाखांच्या आसपास होती. दहा लाख कमी पडत होते. धाकट्या मुलाने मार्ग सुचवला, की सांगलीतले राहते घर तारण ठेवून तेवढे कर्ज काढावे. घरावर कसलाच बोजा नाही. सर्वांना ते पटले. अण्णांनी पत्र्याची ट्रंक खाली काढायला सांगितली.

ती ट्रंक म्हणजे घरातील दफ्तर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले, तेव्हा अण्णांच्या पत्नीने दागिन्यांच्या आधी ही ट्रंक माळ्यावर नेली होती. तिच्यात पस्तीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या निघाल्या, वीजबिले निघाली, गवंड्याला दिलेल्या उचलीची चिठ्ठी निघाली, आणि पिवळ्या पडलेल्या मुद्रांकावर लिहिलेले १९८८ सालचे साठेखत निघाले. खरेदीखत मात्र नव्हते. ट्रंक दोनदा उपसली. मग अण्णांना आठवले, की ते हरवलेले नाही. ते कधी झालेच नव्हते.

तीन गुंठ्यांचा तो बिनशेती प्लॉट त्यांनी एका स्नेह्याकडून घेतला होता. पूर्ण रक्कम दिली, ताबा घेतला, साठेखत लिहिले. जमिनीची अंतिम मोजणी व्हायची होती, म्हणून खरेदीखत नंतर करायचे ठरले. मोजणी तीन वर्षांनी आली. तोवर घर उभे राहिले होते. बांधकामाचा परवाना स्नेह्याच्याच नावावर निघाला होता. रोज सकाळी दोघे मंदिरातून बरोबर परतत. अशा माणसाला ‘चल, खरेदीखत करून दे’ असे म्हणणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे अण्णांना वाटे. ‘उद्या करू’ असे स्नेही म्हणे, आणि ‘घाई कसली’ असे अण्णा म्हणत. २००९ मध्ये स्नेही वारला.

बँकेत कागद दाखवल्यावर तेथील अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले, की या घरावर कर्ज देता येणार नाही. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. साठेखत म्हणजे ‘विकीन’ असा करार. खरेदीखत म्हणजे ‘विकले’ असा दस्त. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५४ व्या कलमात हे स्पष्ट लिहिले आहे : विक्रीच्या करारामुळे मिळकतीत स्वतःहून कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. ही शंभर रुपयांची मर्यादा १८८२ पासून तशीच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेच ठामपणे सांगितले, की साठेखत आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी जात-येत नाही.

“मग पस्तीस वर्षं आम्ही त्या घरात कोण म्हणून राहिलो?” अण्णांनी विचारले.

ताबेदार म्हणून, असे उत्तर मिळाले. करारातील आपली बाजू पुरी करून ताबा घेतलेल्या खरेदीदाराला त्याच अधिनियमाचे कलम ५३-अ संरक्षण देते. विक्रेता किंवा त्याचे वारस त्याला बाहेर काढू शकत नाहीत. २००१ च्या सप्टेंबरनंतरच्या साठेखतांना या संरक्षणासाठी नोंदणी लागते. त्याआधीच्यांना लागत नव्हती. पण हे संरक्षण ताबा राखण्यापुरते आहे. त्याच्या बळावर घर विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. खरेदीखत करून मिळावे म्हणून दावा लावायचा, तर करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. अण्णा घरी आले आणि त्या रात्री जेवले नाहीत.

आठवड्याने वकिलांचा शोध अहवाल आला आणि मुलांचे चेहरे खुलले. पेढीच्या नावाने व अण्णांच्या नावाने असलेल्या सर्व मिळकतींचा तीस वर्षांचा शोध घेतला होता. त्यात गावातल्या जुन्या पेठेतील एक गाळा निघाला. मिळकत पत्रिकेवर नाव अण्णांचे. मूळ नोंदणीकृत खरेदीखत ट्रंकेत. सूची क्रमांक दोनमध्ये त्यानंतर एकही नोंद नाही. कोणाचाही बोजा नाही. थोरला म्हणाला, “घराचं पुढं बघू. गाळा निर्वेध आहे. त्याच्यावर दहा लाख सहज मिळतील.”

अण्णा काहीच बोलले नाहीत. मुलांना वाटले, ते थकले आहेत.

तो गाळा दिवाणजींचा होता. दिवाणजींनी पेढीवर एकतीस वर्षे वह्या लिहिल्या. १९९६ साली अण्णांनी तो त्यांना एक लाख दहा हजारांना द्यायचे ठरवले. दिवाणजींनी पत्नीच्या पाटल्या मोडून चाळीस हजार रोख दिले आणि उरलेले सत्तर हजार पगारातून वळते करून घेतले. दरमहा हजार रुपये, ७० महिने. मुद्रांकावर साठेखत लिहून ताबा दिला. शेवटचा हप्ता २००२ मध्ये फिटला. खरेदीखताचे नाव दिवाणजींनी काढले नाही, कारण मालकाला तसे म्हणणे त्यांना शोभले नसते. अण्णांनी काढले नाही, कारण त्यांना ते सुचलेच नाही. दिवाणजी वारून आठ वर्षे झाली होती. गाळ्यात त्यांच्या पत्नीचा पापड-मसाल्यांचा व्यवसाय चालत होता आणि चार बायका तिथे कामाला होत्या.

ज्या कागदाच्या अभावी अण्णांचे घर अण्णांचे नव्हते, त्याच कागदाच्या अभावी तो गाळा मात्र अण्णांचा ठरत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे मुलांना सांगितले. धाकट्याला काही आठवत नव्हते. थोरल्याला अंधुक आठवत होते. थोरल्याने सावधपणे विचारले, “आपण विकत थोडाच आहोत? चार वर्षांत कर्ज फिटेल. त्यांना कळणारही नाही. नंतर करून देऊ खरेदीखत.” आजच्या भावाने गाळ्याची किंमत तीस लाखांच्या आत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते, ते कोणी बोलून दाखवले नाही.

अण्णा म्हणाले, “नंतर करू, असंच मी पस्तीस वर्षं ऐकलं. आणि सत्तावीस वर्षं मी तेच केलं. आता नाही.”

त्याच संध्याकाळी ते गाळ्यावर गेले. दिवाणजींच्या पत्नीने “जय जिनेंद्र, अण्णा” म्हणून खुर्ची पुढे केली. खरेदीखत करून द्यायचे आहे हे ऐकून त्या गोंधळल्या. “गाळा आमचाच आहे की, अण्णा. पैसे फिटलेत. आता पुन्हा सही कशाला?”

“मी आहे तोवर तुमचा आहे, वहिनी,” अण्णा म्हणाले. “मी गेल्यावर तो कागदावर माझ्या पोरांचा होईल. त्यांनी तुम्हाला ओळखलं तर ठीक, नाही तर तुमच्या पोरांनी कोर्टात फिरायचं.”

त्यांनी आतून एक डबा आणला. त्यात साठेखत होते आणि एका जुन्या वहीचे पान. दिवाणजींनी स्वतःच्या हप्त्यांची नोंद पेढीच्या वहीत स्वतःच्याच हाताने केली होती, आणि त्याच पानाची हुबेहूब नक्कल घरी ठेवली होती. ७० ओळी, आणि खाली दोन शब्द : खाते बेबाक.

पुढचे काम सोपे नव्हते. ताबा दिलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते, आणि १९९६ च्या त्या कागदावर ते पुरते भरलेले नव्हते. थकलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दराने दंड चढत जातो. दैव एवढेच, की शासनाने १ डिसेंबर २०२३ पासून मुद्रांक शुल्क अभय योजना जाहीर केली. १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २०२० या काळातील दस्तांना तीत शुल्कात आणि दंडात सवलत होती. अण्णांनी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे एका वेळी दोन अर्ज केले, एक स्वतःच्या घरासाठी आणि एक दिवाणजींच्या गाळ्यासाठी. साठेखतावर भरलेले शुल्क पुढे खरेदीखताच्या शुल्कातून वजा मिळते, म्हणून तोच क्रम योग्य होता. दोन्ही अर्जांची रक्कम त्यांनी पेढीच्या खात्यातून भरली. गाळ्याच्या बाबतीत थोरल्याने हरकत घेतली, की शुल्क खरेदीदाराने भरायचे असते. “उशीर विकणाऱ्याने केला,” एवढेच अण्णा म्हणाले.

गाळ्याचे खरेदीखत आधी झाले. दुय्यम निबंधक कार्यालयात अण्णांनी सही केली, अंगठा दिला, छायाचित्र काढू दिले. दस्त दिवाणजींची पत्नी, मुलगा आणि मुलगी या तिघांच्या नावे झाला. हातात सूची क्रमांक दोन मिळाली. पुढे मिळकत पत्रिकेवर फेरफार होऊन नावे चढली. हे शेवटचे पाऊल बरेच जण विसरतात. फेरफार, मिळकत पत्रिका, सातबारा हे महसुली अभिलेख आहेत; मालकी दस्तातून येते आणि अभिलेखात तिची फक्त नोंद होते. पण ती नोंद वेळेवर झाली नाही, तर पुढचा माणूस जुनेच नाव पाहतो, जसे शोध अहवालाने पाहिले.

स्वतःच्या घराचे खरेदीखत अण्णांना इतके सहज मिळाले नाही. स्नेह्याच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि हुबळीला दिलेली एक मुलगी. १९५६ चा हिंदू वारसा अधिनियम जैनांनाही लागू आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे व मुलगी यांचा वाटा सारखा असतो. म्हणून चौघांच्याही सह्या लागणार होत्या. थोरला मुलगा लगेच तयार झाला. धाकट्याने “बघू” म्हटले, मग आजचा भाव विचारला, मग ‘काहीतरी’ मिळाले पाहिजे असे दुसऱ्यामार्फत कळवले. दोन महिने गेले. बहिणीची सही सक्तीची नाही, तिच्याकडून साध्या कागदावर लिहून आणू, असेही कोणीतरी सुचवले. वकिलांनी ते मान्य केले नाही; हक्कसोड करायचा तर त्याचाही दस्त नोंदवावा लागतो.

शेवटी ती बहीण स्वतः हुबळीहून आली. बैठकीत सर्वांसमोर ती भावाला म्हणाली, “दादा, अण्णांनी तेव्हा पैसे एकरकमी दिले. बाबांनी ते माझ्या लग्नाला घेतले होते. मला माहीत आहे, आईलाही माहीत आहे. त्याच पैशावर मी सासरी गेले. आता आपण त्यांच्याकडे पुन्हा काय मागायचं?”

तिच्या आईने मान हलवली. धाकट्याने पुढच्या सोमवारी सही केली.

या सगळ्यात चार महिने गेले. पुण्याच्या सदनिकेचा विक्रेता तेवढा थांबला नाही. त्याने करारनामा करण्याआधी दहा लाख मागितले होते. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक, म्हणजे येथे सात लाखांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे दाखवून नातवाने नकार दिला होता. नंतर मुदत टळली आणि नोंदणीपोटी दिलेल्या दोन लाखांतून काही रक्कम कापून व्यवहार मोडला. नातवाला वाईट वाटले. जुन्या पेढीचे सोवळे आपल्याला महागात पडले, असे तो आईजवळ बोललाही.

त्याने नंतर घेतलेली सदनिका लहान आहे. चटई क्षेत्र ६१० चौरस फूट. पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले होते, म्हणून वस्तू व सेवा कर लागला नाही, आणि सांगलीच्या घरावर बोजा चढवावा लागला नाही. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पुरी झाली असून राहण्यास योग्य आहे, असा महापालिकेचा दाखला; किल्ली हाती आली म्हणजे ते मिळाले असे होत नाही. किंमत पन्नास लाखांहून अधिक असल्याने विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा, हेही त्याने विसरू दिले नाही. संस्थेत नामनिर्देशनाचा अर्ज भरताना वडिलांनी त्याला बजावले, की नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे. संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा एवढेच त्याने ठरते, म्हणून मृत्युपत्र वेगळे कर. तीस वर्षांच्या मुलाला मृत्युपत्राचे सांगणारे ते घर मागच्या दिवाळीपर्यंत खरेदीखतावाचून नांदत होते.

अण्णांनी आता ट्रंकेतल्या प्रत्येक मिळकतीसाठी एक स्वतंत्र पाकीट केले आहे. प्रत्येकावर पाच ओळी : खरेदीखत, सूची क्रमांक दोन, फेरफार, बोजा, आणि आपण कोणाला काही लिहून दिले आहे काय. पहिल्या चार ओळी कोणताही वकील सांगेल. पाचवी त्यांनी स्वतः घातली, आणि मुलांनी पाकिटे भरताना ती रिकामी सोडलेली त्यांना चालली नाही. तिथे ‘नाही’ असे लिहून तारीख घालावी लागली.

गाळ्याचे खरेदीखत झाले त्या संध्याकाळी त्यांनी पेढीवरून २००२ ची वही काढवली. दिवाणजींच्या अक्षरातले पान शोधायला वेळ लागला. ‘खाते बेबाक’ या शब्दांखाली थोडी जागा होती. अण्णांनी तिथे दस्ताचा क्रमांक आणि तारीख लिहिली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.